साक्षीदाराची रेघ

माझ्या भावाने आयुष्यभर इतक्या थापा मारल्या, की त्याची खरी गोष्टसुद्धा लोक थाप म्हणूनच ऐकायचे. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्याचा धंदा. एकदा त्याने कुठल्याशा कचेरीच्या भिंतीवर दार रंगवलं आणि पोस्टमन त्या दारावर टकटक करत दहा मिनिटं उभा राहिला, ही गोष्ट मी शंभर वेळा तरी ऐकली असेल. दर खेपेला पोस्टमन थोडा जास्त वेळ उभा राहायचा. शेवटी शेवटी तर तो बिचारा पत्रं तिथेच टाकून चिडून निघून गेला होता.

मी त्याच्या अगदी उलट. एकतीस वर्षं वजनकाटे तपासायची नोकरी केली. मखमलीच्या खणांत बसवलेली पितळी वजनं घेऊन दुकानोदुकानी फिरायचं, काटा बरोबर असला तर शिक्का मारायचा, नसला तर जप्त करायचा. "मॅडम, कालपर्यंत बरोबर होता हो," हे वाक्य मला झोपेतून उठवून म्हटलं तरी मी "पावती घ्या" म्हणेन. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी कुठल्याही कागदावर सही केली नाही. सही माझी लांबलचक, वडिलांच्या नावासकट पूर्ण. दादा म्हणायचा, "ही सही आहे की मालगाडी? गार्डाचा डबा अजून यायचाच आहे." मला नोकरी लागली त्या दिवसापासून त्याने मला नावाने हाक मारणं सोडलं. इन्स्पेक्टरच म्हणायचा.

वहिनी गेल्यावर तो घरात बसून कुढायला लागला, तेव्हा कुणीतरी त्याला बागेतल्या डिस्क गोल्फची गोडी लावली आणि त्याने मला ओढलं. मी नाही नाही म्हणत गेले आणि मग दर रविवारी जायला लागले. कोर्स अगदी छोटा, नवशिक्यांसाठीचा. नऊ बास्केट, कुठलंही साठ पावलांपलीकडे नाही. सिमेंटच्या चौथऱ्यावर उभं राहून प्लॅस्टिकची डिस्क फेकायची. समोर खांबावर एक जाळीची टोपली आणि तिच्यावर लोंबणाऱ्या साखळ्या. डिस्क साखळ्यांवर आपटून टोपलीत पडली की ते बास्केट संपलं, जितक्या कमी फेकींत तितकं चांगलं. माझ्या पहिल्या डिस्कवर १७५ ग्रॅम असं छापलेलं होतं. घरी आणून मी ती तोलली, तर एकशे त्र्याहत्तर भरली. दादा त्यावर आठवडाभर हसत होता.

एकाच फेकीत डिस्क टोपलीत गेली तर त्याला एस म्हणतात. आमच्यासारख्यांना तो जन्मात एकदा मिळाला तरी पुष्कळ. एस पडलेली डिस्क पुन्हा खेळायला वापरत नाहीत. जे हजर असतील ते तिच्यावर सह्या करतात आणि माळी ती आपल्या अवजारांच्या खोलीच्या भिंतीवर खिळ्याला टांगतो. नियम एकच. किमान एका साक्षीदाराची सही पाहिजे. एकट्याने पाडलेला एस भिंतीवर चढत नाही. हा नियम मला पहिल्या दिवसापासून आवडला होता.

गेल्या वर्षीची गोष्ट. सकाळची वेळ, बागेत आम्ही दोघंच. सातव्या बास्केटला माझी पाळी आधी होती. डिस्क हातातून उशिरा सुटली आणि सरळ जायचं सोडून चौथऱ्याच्या उजवीकडच्या झुडपात शिरली. मी शोधायला आत गेले. काटे, पालापाचोळा, कुणी टाकलेल्या बाटल्या. चार-पाच मिनिटं मी वाकून शोधत होते. डिस्क घेऊन बाहेर आले तर दादा बास्केटच्या निम्म्या वाटेवर उभा, दोन्ही हात वर.

"ऐकलंस ना? ऐकलंस?"

"काय?"

"अगं साखळ्या! एस पडला, एस! चल, बघ!"

मी गेले. निळी डिस्क टोपलीत होती खरी. पण मी काहीच ऐकलं नव्हतं. साखळ्यांवर डिस्क आपटली की भांड्यांचं कपाट कोसळल्यासारखा आवाज होतो, आणि बागेत तर इतकी शांतता होती, की पाखरू उडालं असतं तरी कळलं असतं. आणि दादा चौथऱ्यावर नव्हता, निम्म्या वाटेवर होता. चार-पाच मिनिटांत माणूस साठ पावलं जाऊन परत येऊ शकतो. मी मनात हिशेब केला. तो करायची मला सवयच होती.

"मी काही ऐकलं नाही, दादा."

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय. मग त्याचा चेहरा बदलला. "म्हणजे मी चालत जाऊन टाकली असं म्हणतेस?"

"मी तसं म्हटलं नाही. मी ऐकलं नाही एवढंच म्हटलं."

"खरंच काहीच नाही ऐकलंस?"

"काहीच नाही."

खेळ संपवून आम्ही अवजारांच्या खोलीपाशी गेलो. रविवारची मंडळी जमली होती. दादाने डिस्क उंच धरून सगळं रंगवून सांगितलं आणि माळ्याने मार्कर माझ्यापुढे धरला. मी हात मागे घेतला. म्हटलं, "मी पाहिलं नाही आणि साखळीही वाजली नाही. मी सही करणार नाही." सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "पेंटर, पोस्टमनला आणा साक्षीला." दादा सगळ्यांत मोठ्याने हसला. मला वाटलं, चोरी पकडली गेली की माणूस असाच हसतो. दुकानदारांचं असं हसणं मी खूप पाहिलं होतं.

पुढच्या रविवारी तो जरा विचित्रच वागला. मी चौथऱ्यावर नेम धरून उभी होते. फेकून मागे वळले, तर हा माझ्या मागे चार पावलांवर किल्ल्यांचा जुडगा हातात धरून हलवत उभा.

"काय करतोयस?"

"काही नाही," म्हणाला, आणि किल्ल्या खिशात टाकल्या.  त्या दिवशी त्याच्या खांद्याला पिशवी होती, तिच्यावर सारखा हात ठेवून होता.

त्यानंतर त्याने एसचं नाव काढलं नाही. लोक चिडवायचे, "काय पेंटर, मिळाला का साक्षीदार?" एकदा तो सरळ म्हणाला, "इन्स्पेक्टर म्हणते ना, मग नसेलच पडला. टाकली असेल मीच हाताने. म्हातारपणी काय आठवतं!" मला त्या दिवशी बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, जिंकल्यासारखं वाटलं. सदुसष्टाव्या वर्षी का होईना, माणूस कबूल झाला.

तो गेला त्याला आज पाच आठवडे झाले. दुपारी चहा ठेवायला उठला आणि ओट्यापाशीच कोसळला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्याला काही कळलंसुद्धा नसेल. मी धड रडलेही नाही. दर रविवारी सकाळी उठायचे, बूट घालायचे आणि मग ते काढून ठेवायचे, एवढंच.

परवा भाची आली. दादाची एकुलती एक मुलगी, मुलांना पोहायला शिकवते, त्यामुळे आवाज असा की तलावाच्या या टोकाचं त्या टोकाला ऐकू जावं. माझ्या ओळखीत ती एकटीच स्पष्ट बोलते. बाकी सगळे हल्ली तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. आली तीच तणतणत आली.

"आत्या, किती बेल वाजवायची? दहा मिनिटं दारात उभी आहे मी!"

"बेल बिघडलीय. दुसरी आणून बसवली, तीही तसलीच निघाली. त्या दुकानदाराशी मी चांगलं भांडून आलेय."

तिने चपला काढल्या. आत येऊन माझ्या उजव्या हाताला बसली आणि पिशवीतून निळी डिस्क काढली. दादाच्या कपाटात कपड्यांच्या घडीखाली सापडली म्हणे. डिस्कच्या सपाट बाजूवर पांढऱ्या रंगात त्याची अक्षरं होती. आयुष्यभर पाट्या रंगवलेला हात, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. वर लिहिलं होतं, "सात नंबर, एका फेकीत." खाली तारीख. त्याखाली "साक्षीदार" आणि पुढे एक रेघ. रेघ कोरी होती. मला ती जरा उगाचच लांब वाटली. पार डिस्कच्या काठापर्यंत गेली होती.

"रविवारी सगळे बागेत जमणार आहेत," भाची म्हणाली. "बाबांची ही डिस्क भिंतीवर लावायची म्हणतायत. पण माळीकाका अडून बसलेत, सही असेल तरच."

"मग बरोबरच आहे त्यांचं."

"आत्या, एक सही. बाबा गेले गं आता."

"गेले म्हणून न पाहिलेलं पाहिलेलं होतं का? तो स्वतः कबूल झाला होता, चारचौघांत. विचार हवं तर."

ती माझ्याकडे बघत राहिली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. तरी मी हो म्हटलं नाही. आज वाटतं, तिथेच माझं थोबाड कुणीतरी फोडायला हवं होतं.

"बरं," ती म्हणाली. "नको करूस सही. पण रविवारी माझ्याबरोबर एक राउंड खेळ. त्यांच्या दुसऱ्या डिस्कने. तेवढं तरी."

त्याला मी नाही म्हणू शकले नाही.

आज सकाळी आम्ही लवकर गेलो. बाकीची मंडळी यायला अवकाश होता. पहिल्या सहा बास्केटला मी कशी खेळले मला आठवत नाही. दर चौथऱ्यावर मी बाजूला सरकून दादाला जागा देत होते आणि मग लक्षात यायचं. माझे गुडघे दुखायला लागले. सातव्यापाशी मी चौथऱ्याजवळच्या बाकावर बसले आणि भाचीला म्हटलं, "तू खेळ, मी इथूनच बघते."

तिची पहिली फेक चांगली गेली, बास्केटच्या दहा-बारा पावलं अलीकडे पडली. ती चालत गेली, डिस्क उचलली, नेम धरला आणि सोडली. मी नीट बघत होते. डिस्क साखळ्यांवर बरोबर मधोमध आपटली. साखळ्या झुलल्या, एकमेकींत गुंतल्या, सुटल्या, आणि डिस्क टोपलीत पडली.

आवाज आला नाही.

मला पहिल्यांदा माळ्याचाच राग आला. म्हटलं, याने साखळ्यांना काहीतरी गुंडाळून ठेवलेलं दिसतंय. मी तरातरा निघाले. बास्केटपाशी जाऊन साखळ्या हातात घेतल्या. नुसतं लोखंड. वर चिंधी नाही की रबर नाही.

"पुन्हा टाक," मी म्हटलं.

तिने शेजारूनच टाकली. भांड्यांचं कपाट कोसळलं.

 एकतीस वर्षांची सवय अशी सुटत नाही. संशय आला की तपासायचं, एवढं एकच मला येतं. मी भाचीला म्हटलं, "इथे उभी राहा. हाताने साखळ्या हलव, मध्येच थांब, पुन्हा हलव. मी तुझ्याकडे पाठ करून चालत जाते. ऐकू आलं की मी हात वर करीन."

"आत्या, राहू दे ना."

"हलव म्हणते ना!"

मी पावलं मोजत निघाले. दहा पावलांवर खणखणीत. वीसवर ठीक. तीसवर कुठेतरी लांब कुणीतरी चिल्लर मोजतंय असं वाटलं, तरी मी हात वर केला. पस्तीसवर बराच वेळ थांबले. ती अजून सुरू का करत नाही म्हणून वळून पाहिलं, तर ती पोर दोन्ही हातांनी साखळ्या गदागदा हलवत होती आणि रडत होती.

उजवा कान तिच्याकडे करून पाहिलं. अडतीस पावलं. त्यापुढे काही नाही. मग मी झुडपापर्यंत गेले, जिथे त्या दिवशी वाकले होते तिथपर्यंत. पंचावन्न.

आमच्या खात्यात आमची पितळी वजनंसुद्धा दर वर्षी प्रयोगशाळेत तपासायला जायची. तुमचंच वजन चुकलेलं असेल तर तुम्ही दुसऱ्याचा काटा कसा खोटा ठरवणार? नव्या पोरांना हे मीच शिकवायचे. स्वतःचे कान मात्र मी कधी तपासले नाहीत. डिस्क साखळीवर आपटल्याचा आवाज मला ठाऊक होता, कारण आमच्यासारख्यांची डिस्क आपटते ती जवळूनच. लांबून आपटलेली मी एकदाही ऐकलेली नव्हती, आणि ऐकायची जी एकच वेळ आली, ती दादाची होती.

भाची पळत आली. माझ्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली, आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. परवाही ती उजवीकडेच बसली होती. दादाही वर्षभर माझ्या उजव्या हाताने चालत होता.

"तुला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"हो."

"कधीपासून?"

"गेल्या वर्षीपासून. तू सही नाकारलीस ना, त्याच्या पुढच्या रविवारी बाबा ती डिस्क पिशवीत घालून पुन्हा तुझी सही मागायला आले होते. आदल्या रात्रभर अक्षरं काढत बसले होते. मग त्यांनी तुझ्या मागे किल्ल्या वाजवून पाहिल्या. घरी येऊन डिस्क कपाटात ठेवली आणि मला म्हणाले, आत्याशी उजवीकडून बोलत जा, तोंड दिसेल असं बोल. आणि तिला सांगू नकोस."

"का पण? सांगितलं असतं तर त्याचा एस..."

"मी पण तेच म्हटलं. भांडले मी त्यांच्याशी. तर म्हणाले, मला थापाड्या म्हटलेलं काय नवीन आहे? पण तिला कळलं तर ती झोपणार नाही. एकतीस वर्षांचे सगळे काटे एकेक करून आठवत बसेल." भाचीने नाक पुसलं. "कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती त्यांनी. स्वतःचे कान दाखवायचेत म्हणून तुला बरोबर नेणार होते आणि तिथे गेल्यावर म्हणणार होते, आता आलीच आहेस तर तूही दाखव. पुढच्या मंगळवारची वेळ आहे."

मी तिथेच चौथऱ्यावर खाली बसले. पाच आठवडे न आलेलं रडू तेव्हा आलं. मोठ्याने आलं असावं, कारण भाची सारखी माझी पाठ थोपटत होती. म्हातारपणी काय आठवतं, असं तो चारचौघांत म्हणाला होता. सगळे हसले होते आणि मी जिंकले होते. त्याच्या साऱ्या आयुष्यातली एवढी एकच थाप मी विश्वास ठेवून ऐकली.

सूर्य वर आला तशी मंडळी जमली. अवजारांच्या खोलीपाशी दहा-बारा जण असतील. भाचीने निळी डिस्क पिशवीतून काढली. मी हात पुढे केला.

"मार्कर द्या," मी माळ्याला म्हटलं.

तो गोंधळला. "बाई, पण तुम्ही तर त्या वेळी म्हणाला होतात..."

"म्हणाले होते. साखळी वाजली नाही म्हणाले होते." मी सगळ्यांना दिसेन अशी वळले. "साखळी वाजली होती. मला ऐकू येत नाही. लांबचं काही ऐकू येत नाही. दादाला ते कळलं होतं आणि मला वाईट वाटू नये म्हणून तो तुमच्याकडून हसून घेत राहिला. त्याचा एस खरा होता."

कुणीतरी काहीतरी म्हणालं. मला ते ऐकू आलं नाही आणि मी "काय?" असंही विचारलं नाही. माळ्याने मार्करचं टोपण काढून तो माझ्या हातात दिला.

पाहिलेलं मी काहीच नव्हतं. नियम पाहण्याचाच आहे, मला ठाऊक आहे. तरी मी डिस्क गुडघ्यावर ठेवली आणि सही करायला लागले. आधी माझं नाव, मग वडिलांचं, जे त्याच्याही वडिलांचं होतं, मग आडनाव. मी एकही अक्षर गाळलं नाही. शेवटच्या अक्षराखाली फटकारा ओढला आणि मार्कर उचलला. रेघ तिथेच संपली होती. ना बोटभर उरली, ना कमी पडली. दादाने ती माझ्या सहीचं माप घेऊन ओढली होती.